पाच भाकरी, दोन मासे, चोवीस डबे: ख्रिस्ती बालवाडीतला एक आठवडा

मुंबईतल्या बहुतेक बालवाड्यांची एक पाळी तीन-सव्वातीन तासांची असते. साडेआठला मुलं येतात, पावणेबाराला रिक्षावाले काका फाटकाशी उभे. तेवढ्यात प्रार्थना, गोष्ट, अक्षर, अंक, डबा, खेळ आणि दोनदा शू-शूची रांग बसवायची असते. रोज नवी बायबल-गोष्ट घेतली तर शुक्रवारी मुलांच्या डोक्यात दावीद माशाच्या पोटात असतो आणि योना गोफण फिरवत असतो (खरं तर माशाच्या पोटात योना, गोफण दाविदाची). त्यासाठी पहिला नियम हा की आठवड्याला गोष्ट एकच घ्यायची. बाकी सगळं, म्हणजे अंक, अक्षर, माती आणि डबासुद्धा, तिच्याच आधाराने चालवायचं.

इथे उदाहरणाला पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट घेतली आहे: एका मुलाजवळच्या तेवढ्याशा खाण्यात येशू पाच हजार माणसांना जेवू घालतो आणि वर बारा टोपल्या तुकडे उरतात. ती चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्राच्या पुस्तकांत आहे, पण भाकऱ्या आणणारा मुलगा फक्त योहानाच्या 6व्या अध्यायात भेटतो आणि बालवाडीला तोच हवा असतो. डबा घेऊन आलेला मुलगा वर्गातल्या प्रत्येकाला ओळखीचा वाटतो. आकडेही छोटे आणि मोजता येणारे: पाच, दोन आणि शेवटी बारा टोपल्या. पाच हजार माणसं मात्र सोडून द्या, ‘खूप खूप माणसं’ एवढं पुरतं. पुढची मापं 24 मुलं, एक बाई आणि एक मदतनीस ताई धरून दिली आहेत.

सुरुवात करण्याआधी एक कागद

वर्गात सगळ्या धर्मांच्या घरांतली मुलं असतात. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. संविधानाच्या 28व्या अनुच्छेदात ते स्पष्ट आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांबरोबरच अर्ध्या पानाचं संमतिपत्र भरून घ्या. त्यात ‘मूल्यशिक्षण’ असा मोघम शब्द नको. प्रार्थना किती वेळ, गोष्ट कोणत्या पुस्तकातली, हे सरळ लिहा. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलांना त्या वेळी व्हरांड्यात पाठवू नका, त्यांना ती शिक्षाच वाटते. त्याच खोलीत, ताईजवळ, अक्षर गिरवायच्या रव्याच्या ताटावर त्यांचं काम चालू राहू द्या.

साडेआठ ते नऊ

पहिली वीस मिनिटं मोकळी ठेवा. लोकल उशिरा धावते, पावसात रिक्षा मिळत नाही, त्यामुळे साडेआठला गोल करून बसलात तर तो गोल दहा वेळा मोडतो. आलेलं मूल आधी दप्तर खुंटीला लावतं, मग स्वतःच्या फोटोची चकती ‘घरी’च्या खणातून काढून ‘शाळेत’च्या खणात टाकतं. हजेरी त्यातच होते. ‘घरी’च्या खणात किती चकत्या उरल्या ते मुलांनीच मोजायचं, दिवसाचं पहिलं गणित तेच.

आठ पन्नासला सतरंजीवर गोल. एक गाणं, मग प्रार्थना. प्रार्थनेला चाळीस सेकंद पुरतात, त्यापुढे चुळबुळ सुरू होते. तीन वाक्यं, बाईंनी म्हणायची, मुलांनी मागून: ‘हे देवबापा, तू सकाळ दिलीस. तू डबा दिलास. तू मित्र दिलेस. आमेन.’ डोळे मिटायची सक्ती करू नका, कारण मग सगळी प्रार्थना ‘बाई, ह्याने डोळे उघडले’ यातच जाते. ‘देवबापा’ ऐकून निम्म्या वर्गाच्या डोळ्यांसमोर गणपती येतो, आणि एखादं मूल मोठ्याने ‘मोरया’ म्हणतं. मुंबईतलं मूल आहे ते, म्हणणारच. हसू नका, रागावू नका, पुढचं वाक्य घ्या.

कॅथलिक शाळांत क्रुसाची खूण शिकवताना हमखास एक चूक होते. बाई मुलांसमोर उभ्या राहतात, उजव्या हाताने कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा करतात, आणि मुलं आरशासारखी डाव्या हाताने उलटी खूण शिकतात. मुलांकडे पाठ करून उभ्या राहा किंवा त्यांच्या ओळीत बसा. पहिले दोन आठवडे मुलांच्या उजव्या मनगटाला लोकरीचा धागा बांधला तर सवय लवकर लागते.

गोष्ट: सात मिनिटं, जास्त नाही

साहित्य घरगुती. एक मीटर हिरवं सुती कापड म्हणजे गवत. कापडाखाली एका टोकाला निळी ओढणी, ते सरोवर. भातुकलीतल्या किंवा पुठ्ठ्याच्या पाच भाकऱ्या, बिस्किटाच्या चंदेरी कागदाचे दोन मासे, एक स्टीलचा छोटा डबा, लाकडी ठोकळ्यांची माणसं. ठोकळ्यांवर चेहरे काढू नका, काढले की मुलं गोष्ट सोडून ‘हा कोण, तो कोण’ करत बसतात. एका बाटलीत किराणावाल्याकडून आणलेले मूठभर जव ठेवा. त्या मुलाच्या भाकऱ्या जवाच्या होत्या आणि आपल्या मुलांना तांदळाची, ज्वारीची भाकरी माहीत असते, जवाची नाही.

कापड हळू पसरा. बोलताना नजर मुलांकडे नको, ठोकळ्यांकडे ठेवा, म्हणजे मुलंही तिकडेच बघतात. डबा उघडताना थांबा, एकेक भाकरी मोजत बाहेर ठेवा. ‘पाच भाकऱ्या. दोन मासे. एवढ्यात कुणाकुणाचं भागणार?’ इथे वर्ग आपोआप बोलतो. येशूने आभार मानले, वाटले, सगळे जेवले, उरलेले तुकडे गोळा केले. एवढंच.

शेवटी ‘मग या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न विचारायचा नाही. पाच वर्षांच्या मुलाला त्याचं एकच उत्तर येतं, ‘खोटं बोलू नये’, आणि ते ते प्रत्येक गोष्टीला देतं. त्याऐवजी असं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही: त्या मुलाला डबा कुणी भरून दिला असेल? घरी गेल्यावर त्याने आईला काय सांगितलं असेल? उत्तर आलं की ‘छान’सुद्धा म्हणू नका, नाहीतर बाकीचे तेच उत्तर परत देतात. मान हलवा, पुढच्याकडे बघा.

सोमवारी बाई सांगतील, मंगळवारी बाई सांगतील आणि मुलं वस्तू हलवतील, बुधवारी मुलंच नाटक करतील. बुधवारच्या नाटकात सगळ्यांना येशू व्हायचं असतं. चिठ्ठ्या टाका आणि डबेवाला मुलगा म्हणून तिघांना उभं करा, भांडण मिटतं.

टेबलावरची कामं

नऊ वीस ते दहा, सहा-सहाचे चार गट, दर वीस मिनिटांनी टेबल बदलायचं. म्हणजे एका दिवसात प्रत्येक गटाची दोनच कामं होतात. चारही एका दिवसात उरकायचा मोह होतो, पण मग दहा मिनिटांपैकी चार बाह्या सावरण्यात जातात.

पीठ: 200 मिलीच्या वाटीने मैदा 4 वाट्या, बारीक मीठ 2 वाट्या, हळद 1 चमचा, तेल 2 चमचे, पाणी साधारण दीड वाटी, पण थोडं थोडं घालत. सव्वा किलोच्या आसपास गोळा होतो, प्रत्येकाला 50 ग्रॅम येतो. त्यात सुपारीएवढ्या पाच भाकऱ्या आणि दोन मासे नीट बसतात. कणीक वापरू नका, ती चिवट होते आणि दुसऱ्या दिवशी आंबते. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि सकाळी घट्ट असलेला गोळा अकरापर्यंत हाताला चिकटतो. मूठभर मैदा बाजूला ठेवा आणि उरलेलं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वाळवून घरी पाठवायची हौस जून ते सप्टेंबर करू नका, वाळतच नाही. आणि वाटण्याआधी सगळ्यांचे हात बघा. बोटाला खरचटलं असेल तर मिठाने झोंबतं, मूल रडतं आणि रडण्याचं कारण कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला शाडू द्या. शाडूचे हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत, बादलीत धुवून पाणी निवळू द्यायचं; बेसिन तुंबलं की दुरुस्तीचा खर्च शाळेच्या माथी.

मोजणी: चिंचोके. पाच इकडे, दोन तिकडे, मग एकत्र. चार वर्षांच्या आतल्यांना चिंचोके नकोत, नाकात जातात. त्यांना बाटल्यांची मोठी झाकणं. बोट ठेवून मोजताना मूल बोटापेक्षा तोंड पुढे पळवतं आणि पाचाचे सात होतात. त्यावर उपाय म्हणजे मोजलेला चिंचोका उचलून वाटीत टाकायचा, नुसतं बोट ठेवायचं नाही.

अक्षर: फूटभर रुंदीच्या ताटात तळाला काळा कागद, वर सव्वा वाटी भाजलेला बारीक रवा. यापेक्षा जास्त घातला तर रेघ बुजते आणि काळं दिसत नाही. न भाजलेल्या रव्यात पावसाळ्यात आठ दिवसांत किडे होतात. आठवड्याची अक्षरं दोन, मासा आणि भाकरी, आणि दोन्ही ‘ग म भ न’मधलीच. इथेच गोंधळ होतो. म आणि भ दिसायला भावंडं. दोन्ही एका दिवशी दिलीत तर मूल महिनाभर ‘माकरी’ वाचतं. मंगळवारी म, गुरुवारी भ. फरक छपराने सांगा: म-चं छप्पर अख्खं, भ-चं डावीकडे फुटकं. मुलांना फुटकं छप्पर बरोबर लक्षात राहतं. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अक्षरं बदलतील, ताट तेच, आणि गोष्ट तरीही घरच्या भाषेतच सांगा.

चौथ्या टेबलावर चित्र, कात्री, चिकटकाम, जे असेल ते.

डबा

गोष्टीचा खरा कस दहा दहाला लागतो. हात धुवा, एक ओळीचे आभार, मग जेवण. ‘वाटून खा’ असं सांगायचा मोह आवरा. गोष्ट ऐकून भारावलेलं मूल आख्खा डबा देऊन उपाशी बसतं, शाकाहारी घरच्या मुलाच्या ताटात अंडं जातं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला चिक्की मिळते. डबे ज्याचे त्याचेच.

वाटायचं ते शुक्रवारी, एका टोपलीतून. 12 मोठी केळी, वसईची मिळाली तर उत्तम, अर्धी-अर्धी करून 24 तुकडे. तुकडे बाईंनी वाटायचे नाहीत. दोन मुलं टोपली फिरवतात आणि स्वतः शेवटी घेतात. पहिल्या शुक्रवारी कुणीतरी दोन तुकडे उचलतोच आणि टोपली फिरवणाऱ्याला उरत नाही. त्यासाठी दोन जादा केळी ताईच्या पिशवीत असू द्या, पण ती लगेच काढू नका. मिनिटभर थांबा. बहुतेक वेळा कुणीतरी आपल्या तुकड्यातलं मोडून देतं.

मग आवरणं. सगळे जेवल्यावर काही वाया जाऊ नये म्हणून उरलेलं गोळा करा, असं येशू शिष्यांना सांगतो. ही ओळ सांगणारे सहसा गाळतात, आणि बालवाडीत सगळ्यात उपयोगी तीच पडते. 12 छोट्या वाट्या, दोघांत एक. सालं, पोळीचे तुकडे, सांडलेला भात गोळा करायचा. ओलं हिरव्या डब्यात, सुकं निळ्या डब्यात. वाट्या रिकाम्या करताना मोजायच्या, बारा.

कोणती गोष्ट कधी

आगेरा या मुंबईकडच्या ख्रिस्ती लोकांच्या सुगीच्या सणाच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बी पेरणाऱ्याची येशूने सांगितलेली गोष्ट घ्या. वर्गात भाताची लोंबी आणता येते. डिसेंबरात येशूच्या जन्माचा गोठा आणि नाताळाआधीच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्या, पण बॅटरीवरच्या. नोहाचं तारू मात्र जुलैत नको, कितीही सोयीचं वाटलं तरी. सखल वस्तीतल्या मुलांच्या घरात खरंच पाणी शिरतं आणि 26 जुलै 2005च्या 944 मिलिमीटर पावसाच्या आठवणी त्यांच्या घरात अजून सांगितल्या जातात. पाण्याने सगळं बुडाल्याची गोष्ट त्या मुलाला झोपू देत नाही. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरात सांगा.

आठवडा संपला की गोष्टीचं कापड आणि वस्तू एका डब्यात घालून खालच्या खणात ठेवा, मुलांच्या हाताला येतील अशा. मोकळ्या वेळात मुलं ती काढतील, चुकीच्या क्रमाने सांगतील, मासे सरोवरात परत सोडतील. तीन आठवडे तरी हात लावू नका. एखादा चंदेरी मासा हरवतोच. नवा कापायला बिस्किटाचा रिकामा कागद त्याच डब्यात ठेवा.