इंग्लंडात खिडक्या बदलताय? काच निवडताना या चुका टाळा

हॅरो असो की लेस्टर, थंडी सुरू झाली की आपल्या मंडळींच्या गप्पांत हीटिंगचं बिल येतंच. मग कुणीतरी सांगतं, "डबल ग्लेझिंग करून टाका." सल्ला योग्यच आहे. पण दोन काचा बसल्या की काम झालं, ही समजूत फार महागात पडते.

काचेतून किती उष्णता निसटते ते यू-व्हॅल्यूवरून कळतं. आकडा जितका कमी तितकं चांगलं. एकेरी काचेचा आकडा ५.७ च्या आसपास, साध्या दुहेरी काचेचा साधारण २.८. त्याच दुहेरी काचेला लो-ई लेप (उष्णता बाहेर जाऊ न देणारा पातळ थर) असेल आणि मधल्या १६ मिलिमीटरच्या पोकळीत आर्गॉन वायू भरलेला असेल, तर तो १.२ च्या आसपास येतो. इतका फरक मुख्यतः त्या लेपामुळे पडतो, कारण तो खोलीतली ऊब खोलीतच परतवतो. तेव्हा तिसऱ्या काचेसाठी जादा पैसे मोजण्याआधी लेपाची चौकशी करा. पोकळी आणखी रुंद केली तरी ऊब वाढत नाही, आतला वायू फिरायला लागतो.

लेप खरोखर आहे का, हे घरीच तपासता येतं. अंधार पडल्यावर पडदा पूर्ण बाजूला करा आणि खोलीतून काचेसमोर लायटर पेटवून धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातल्या एकाचा रंग वेगळा दिसला, तर लेप आहे. थंड प्रदेशात तो सहसा आतल्या काचेच्या पोकळीकडच्या बाजूला असतो, म्हणजे तुमच्याकडून मोजलं तर दुसरं प्रतिबिंब. चारही सारखीच दिसली तर शेवटचा हप्ता देण्याआधी विचारा.

दुसरी चूक कोटेशन वाचताना होते. त्यात कधीकधी फक्त काचेच्या मध्यभागाचा आकडा असतो. फ्रेम आणि कडा धरल्या की तो वाढतो. घरातल्या बदललेल्या खिडकीसाठी इंग्लंडचा २०२२ पासूनचा नियम पूर्ण खिडकीचा १.४ हा आकडा किंवा खिडकीचं ऊर्जेचं बी रेटिंग मागतो, म्हणून पूर्ण खिडकीचाच आकडा लिहून घ्या. दोन काचांमधली कडेची पट्टी ॲल्युमिनियमची नको, 'वॉर्म एज' म्हणजे उष्णता कमी वाहून नेणारी हवी. नाहीतर कडेने पाणी साचत राहतं.

दक्षिणेकडच्या खिडक्यांना ऊन अडवणारी काच घेऊ नका. हिवाळ्यातलं ते फुकटचं ऊन तुम्हाला हवंच आहे. मोठ्या पश्चिमेकडच्या काचांची गोष्ट वेगळी.

आता दव. सकाळी काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर घाबरू नका, ऊब आतच राहतेय. दोन काचांच्या मध्ये धुकं दिसलं तर सील गेलं. बहुतेकदा फक्त काच बदलता येते, फ्रेम ठीक असेल तर पूर्ण खिडकीचा खर्च करू नका. आतून पाणी ओघळत असेल तर दोष बहुधा घरातल्या दमटपणाचा असतो. कुकरच्या शिट्ट्या, उकळता भात, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, आणि नव्या खिडक्यांनी बंद झालेल्या फटी! गार वारा येतो म्हणून ट्रिकल व्हेंटला (खिडकीच्या फ्रेममधल्या हवेच्या बारीक झरोक्याला) चिकटपट्टी लावू नका, नाहीतर कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. स्वयंपाक करताना एक्स्ट्रॅक्टर फॅन लावा.

काम झाल्यावर फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) किंवा कौन्सिलचं प्रमाणपत्र जपून ठेवा, घर विकताना वकील ते मागतात. घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित असेल तर परवानगीशिवाय जुन्या खिडकीला हात लावू नका. तिथे आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी काच, करता येईल का ते कौन्सिलला विचारा.