जावा सर्व्हिसमधून लिस्टचा जेसन बिघडतोय? या चुका टाळा

एकच ऑब्जेक्ट परत केला तर जेसन नीट येतो, त्याच क्लासची लिस्ट परत केली की 500 (सर्व्हरवरची चूक). जर्सीवरच्या (जावात वेब सर्व्हिस लिहायची लायब्ररी) सर्व्हिसमध्ये ही तक्रार नेहमीची. लॉगमध्ये बहुतेक वेळा ‘मेसेजबॉडीरायटर नॉट फाउंड’ असतं, म्हणजे ऑब्जेक्टचं उत्तरात रूपांतर करणारा भाग सापडला नाही. ते दिसताच पोम फाइलमध्ये (प्रोजेक्टच्या लायब्ऱ्यांची यादी) दिसेल ती जेसन लायब्ररी टाकत सुटू नका. एकाच क्लासपाथवर मॉक्सी आणि जॅक्सन या जेसन बनवणाऱ्या दोन्ही लायब्ऱ्या आल्या, तर उत्तर नेमकं कोण तयार करतंय हेच कळेनासं होतं.

आधी एकटा ऑब्जेक्ट पाठवून पाहा. तोही जात नसेल तर प्रोव्हायडरच (जेसन लिहिणारा भाग) नाही: ‘जर्सी-मीडिया-जेसन-जॅक्सन’ जोडा, आवृत्ती जर्सीचीच ठेवा. एकटा जातो आणि लिस्ट अडते, तर दोष टाइप इरेजरचा, म्हणजे लिस्टमध्ये कोणत्या टाइपचे घटक आहेत ही माहिती प्रोग्राम चालताना पुसली जाते. मेथडचा रिटर्न टाइप लिस्ट<पुस्तक> असेल तर जर्सी तो सिग्नेचरमधून वाचते. पण रिटर्न टाइप रिस्पॉन्स ठेवून ‘रिस्पॉन्स.ओके(यादी)’ लिहिलं की हातात उरतो नुसता ॲरेलिस्ट, आणि आत पुस्तकं आहेत हे मॉक्सीला कळायला मार्ग नाही. उपाय:

रिस्पॉन्स.ओके(न्यू जेनेरिकएंटिटी<लिस्ट<पुस्तक>>(यादी) {}).बिल्ड()

शेवटचा रिकामा महिरपी कंस शोभेचा नाही. त्याने निनावी सबक्लास तयार होतो आणि टाइपची माहिती त्यात टिकते. कंस गाळला तर कोड कंपाइलच होणार नाही.

जॅक्सन वापरत असाल तर साध्या लिस्टला याची गरज नाही. तो प्रत्यक्ष घटक बघून जेसन लिहितो. मात्र पालक क्लासवर @जेसनटाइपइन्फो असेल तर इथेही फसगत होते. एकट्या ऑब्जेक्टमध्ये टाइपचं फील्ड येतं, थेट लिस्ट पाठवली की गायब. एरर कुठलाच नाही, म्हणून ही चूक जास्त त्रासदायक. जर्सीत वरचाच जेनेरिकएंटिटी चालतो. जॅक्सनचा ऑब्जेक्टमॅपर स्वतः वापरत असाल तर ‘रायटरफॉर’ला टाइपरेफरन्स<लिस्ट<पुस्तक>> द्या, किंवा लिस्ट एखाद्या रॅपर क्लासचं फील्ड करा.

जेसन वाचतानाही हाच घोळ होतो. ऑब्जेक्टमॅपरच्या ‘रीडव्हॅल्यू’ला नुसतं लिस्ट.क्लास दिलं तर आत पुस्तकं नव्हे, लिंक्डहॅशमॅप भरतात. क्लासकास्टएक्सेप्शन मात्र तिथे येत नाही. पुढे कुठेतरी घटक बाहेर काढताना येतं, आणि लोक भलत्याच ओळीवर तास घालवतात. इथेही टाइपरेफरन्स द्या, नाहीतर पुस्तक[].क्लास.

हायबरनेटची एंटिटी (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेला ऑब्जेक्ट) थेट परत करणं ही वेगळ्या जातीची चूक. लेखकाकडे पुस्तकांची लिस्ट, प्रत्येक पुस्तकात लेखक, असं चक्र फिरत राहतं. जुन्या जॅक्सनमध्ये शेवट ‘इन्फिनिट रिकर्शन’ किंवा स्टॅकओव्हरफ्लोने होतो, 2.16 पासून नेस्टिंग 1000 पातळ्यांपलीकडे गेलं की जॅक्सन स्वतःच थांबतो. ही मर्यादा वाढवून काहीही साधत नाही. तात्पुरतं पुस्तकातल्या लेखक फील्डवर @जेसनइग्नोर लावा. खरं काम डीटीओचं, म्हणजे फक्त पाठवायची फील्ड असलेल्या वेगळ्या साध्या क्लासचं. डेटाबेसचं सेशन बंद झाल्यावर न आणलेली लिस्ट मागितली की ‘नो सेशन’वालं लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन येतं; त्यावर सगळं ईगर (दरवेळी आधीच आणलेलं) करून टाकणं हाही आडमार्गच. लिस्ट लागते त्याच क्वेरीत ‘जॉइन फेच’ लिहा आणि सेशन उघडं असतानाच डीटीओ भरा.

जुन्या जर्सी 1.x वर असाल तर आणखी एक खोड लक्षात ठेवा. तिथल्या जॅक्सबीच्या (जावा ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांची सांगड घालणारी पद्धत) मूळ मांडणीत एकाच घटकाची लिस्ट ॲरे न होता साधा ऑब्जेक्ट होते, म्हणून दोन नोंदींवर चाललेला क्लायंट एका नोंदीवर कोसळतो. वेब.एक्सएमएलमध्ये ‘पोजोमॅपिंगफीचर’ ट्रू केलं की ॲरे येतो. चाचणी करताना शून्य, एक आणि दोन घटकांच्या लिस्ट पाठवा आणि कर्लने कच्चं उत्तर बघा. शून्यावर चौकोनी कंसांऐवजी फील्डच गायब असेल, तर कुणीतरी @जेसनइन्क्लूड ‘नॉन_एम्प्टी’वर ठेवलेलं आहे का, ते शोधा.