मोबाइल कंपनीच्या लाचेचा कागद कसा वाचावा

मी लेखापरीक्षक, त्यामुळे माझं सांगणं एकच: बातमी राहू द्या, मूळ कागद उघडा. सरावाला व्हिम्पेलकॉम या मोबाइल कंपनीचं उझबेकिस्तानातलं लाचेचं प्रकरण घ्या. 2016 साली अमेरिका आणि नेदरलँड्सने मिळून या कंपनीला 79.5 कोटी डॉलर भरायला लावले. अमेरिकी न्याय खात्याच्या साइटवर सगळा तपशील फुकट आहे.

दंडाचा आकडा ओलांडून थेट 'सल्ला शुल्क' शोधा. लाच कधी कुणी लाच म्हणून खतावत नाही! इथे पैसे गेले जिब्राल्टरमध्ये नोंदलेल्या टाकिलांट या कागदी कंपनीला. मागे होत्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या कन्या गुलनारा करिमोवा. मग विचारा, बदल्यात काय आलं? सल्ल्याचे अहवाल आले, तेही बहुतांश विकिपीडिया आणि कंपनीच्याच कागदांवरून उतरवलेले. एवढे पैसे घेऊन निदान नक्कल तरी नीट करायची.

पुढे शेजारी बघा. मोबाइल लहरींचा (स्पेक्ट्रमचा) परवाना एकाच दारातून मिळत असेल, तर एकटीच कंपनी कशी अडकेल? 2017 मध्ये तेलिया, 2019 मध्ये एमटीएस, या मोबाइल कंपन्याही अडकल्याच. देश तोच, बाई त्याच.

कागदात 'परदेशी अधिकारी' असं मोघम लिहिलेलं दिसलं, तर नाव कळायला करिमोवांवरचं 2019 चं आरोपपत्र शेजारी उघडून ठेवा.