अंगणातल्या पूलला कॅमेरे: सोलापूरच्या उन्हा-पाण्याच्या हिशोबाने

होटगी रोड असो, विजापूर रोड असो की पुणे रोड, शहर मागे पडलं की बंगल्यांच्या आणि फार्महाऊसच्या मागे निळ्या टाइल्सचे पोहायचे पूल दिसू लागतात. पूल भरला की आठ-पंधरा दिवसांत कॅमेरावाला येतो, शिडी लावतो, पूलच्या मधोमध नेम धरून दोन बुलेट (नळीच्या आकाराचे) कॅमेरे ठोकतो आणि जातो. मोबाइलवर निळंशार पाणी दिसतं, घरमालक खूश. पण पाणी कुठे पळून जात नाही. बघायचं असतं ते पाण्याजवळ कोण येतंय हे. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

बुडणारं मूल हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला गेलं की आवाजच फुटत नाही. मिनिटभरात, फार तर दोन मिनिटांत मूल निपचित होतं आणि मेंदूला चार-सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर होणारी इजा कायमची. मोबाइल वाजणार, तुम्ही तो खिशातून काढणार, ॲप उघडणार, चित्र येणार, एवढ्यात यातला किती वेळ जातो ते घड्याळ लावून मोजा. म्हणून पहिला खर्च कुंपणाचा: निदान ४ फूट उंच, उभ्या गजांचं, दोन गजांत ४ इंचापेक्षा कमी फट, आडवी पट्टी नको कारण पोरं तिची शिडी करतात. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं, आपोआप मिटणारं, कडी ५ फुटांवर. आणि कुंपणालगत प्लास्टिकची खुर्ची कधीही ठेवू नका. चार फुटांचं कुंपण त्या खुर्चीने अडीच फुटांचं होतं.

कुंपण झालं असं धरून कॅमेऱ्याकडे येऊ.

किती आणि कुठे

२४ बाय १२ फुटांच्या पूलला तीन कॅमेरे पुरतात. पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा घराच्या मागच्या दाराकडून फाटकापर्यंतच्या वाटेवर. उरलेले दोन पूलच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांकडून, कडेच्या फरशीवर नजर ठेवतील असे. दोन्ही एकाच भिंतीवर लावले तर भिंतीलगतची कड दोघांनाही दिसत नाही, आणि मूल नेमकं घराकडच्या कडेनेच येतं.

उंची १० फूट. खाली लावला तर दूरचं पाणी कॅमेऱ्याला तिरकं दिसतं आणि तिरक्या नजरेला पाणी आरसा होतं: आभाळ दिसतं, तळ दिसत नाही. फार वर, गच्चीच्या कठड्यावर लावला तर माणसाची फक्त टाळू दिसते.

दिशेचा हिशोब सोलापुरात सोपा आहे. वर्षातले बरेच महिने सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला सरकतो, पण तेव्हा तो थेट डोक्यावरच असल्याने काचेत शिरत नाही. म्हणून दक्षिणेच्या बाजूला बसवून उत्तरेकडे तोंड केलेला कॅमेरा बाराही महिने चांगला. पश्चिमेकडे तोंड केलेला संध्याकाळी पाच ते सात आंधळा, आणि पोरं पूलवर असतात ती नेमकी याच वेळेला. जागेमुळे पूर्व-पश्चिम टाळताच येत नसेल तर खरा डब्ल्यूडीआर (झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारी सोय) असलेला, म्हणजे १२० डीबी लिहिलेला कॅमेरा घ्या. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलेल्याने चित्र नुसतं फिकट होतं.

लेन्स कोपऱ्यांवर २.८ मिमी, वाटेवर ४ मिमी. २.८ मिमीला आडवा साधारण १०० अंशांचा पट्टा मिळतो. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ८ मीटरवर दर मीटरला १३० च्या आसपास पिक्सेल पडतात. एवढ्यात घरचा माणूस ओळखू येतो, पण चोराचा चेहरा पोलिसांना दाखवण्याजोगा येत नाही. पंप किंवा मोटार चोरीची काळजी असेल तर फाटकावर ६ मिमीचा वेगळा कॅमेरा लावा, त्याच्याकडून पोरांवर लक्ष ठेवायची अपेक्षा करू नका.

डोम, म्हणजे प्लास्टिकच्या घुमटातला कॅमेरा पूलजवळ नको. बोअरच्या पाण्याचे शिंतोडे उडून वाळले की घुमटावर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, रात्री तेच ठिपके आयआरच्या (कॅमेऱ्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यांच्या) उजेडात चमकतात आणि चित्रावर धुकं येतं. बुलेट किंवा टरेट (बिनघुमटाचा गोल कॅमेरा) घ्या, त्यांची काच सपाट असते, पुसायला सोपी.

रात्रीचं पाणी

‘नाइट व्हिजन ३० मीटर’ हे खोक्यावरचं वाक्य जमिनीपुरतं खरं. पाणी हा उजेड पिऊन टाकतं. कॅमेऱ्याच्या आयआर एलईडीचा ८५० नॅनोमीटरचा उजेड पाण्यात शिरून, अर्ध्या मीटरवरच्या वस्तूला लागून परत येईपर्यंत शंभरातला एक-दीड भाग उरतो. म्हणजे आयआरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात पूल हा काळा चौकोन. पृष्ठभागाखाली काय आहे ते दिसत नाही, कितीही महागाचा कॅमेरा घ्या.

रात्री पाणी बघायचंच असेल तर उजेड पाण्यातून आला पाहिजे. पूलचे आतले दिवे चालू ठेवा, १२ व्होल्टचेच, आणि कॅमेरा आयआर बंद करून रंगीत मोडवर. तेवढ्या उजेडात एफ १.० लेन्सचा (जास्त उजेड आत घेणारा) कॅमेरा नीट रंगीत चित्र देतो. रोज रात्रभर दिवे परवडत नसतील तर पाण्याचा नाद सोडा आणि वाटेवर, फाटकावर आयआर ठेवा. कोणी आलं तर ते आत जाण्याआधीच कळायला हवं.

पाणी हिरवं झालं तर मात्र दिवसाही हाच प्रश्न. २४ बाय १२ च्या पूलमध्ये ४ फूट पाणी म्हणजे साडेबत्तीस हजार लिटर, दहा हजारी टँकरचे तीन भरून वर थोडं. टंचाईत कोणी ते बदलत नाही, शेवाळ धरतं आणि दोन फुटांखालचा तळ नाहीसा होतो. अशा पूलवर कॅमेरा फक्त कड दाखवतो हे गृहीत धरा आणि वापर बंद असताना फाटकाला कुलूप घाला.

कोळी हा रात्रीचा दुसरा शत्रू. आयआरच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, लेन्ससमोर जाळं विणतो. मग वाऱ्याने जाळं हललं की रात्री दोन वाजता ‘हालचाल आढळली’. आयआर दिवा कॅमेऱ्यापासून ३-४ फूट लांब वेगळा लावला तर किडे तिकडे जातात. तेवढा खर्च नको असेल तर आठवड्याला एकदा झाडूच्या दांड्याला मऊ फडकं बांधून पुसा.

वीज, वायर, खांब

पूलच्या कडेपासून २ मीटरचा पट्टा आणि त्यापुढचा दीड मीटर, जमिनीपासून अडीच मीटर उंचीपर्यंत, हा विजेच्या दृष्टीने जोखमीचा भाग धरतात. म्हणजे साडेतीन मीटर, साधारण साडेअकरा फुटांच्या आत २३० व्होल्टचा एकही सॉकेट, ॲडॉप्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड नको. खांबावर डबीत ॲडॉप्टर कोंबून वर टेप गुंडाळण्याची पद्धत इथे जीवघेणी आहे. आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे पीओईवर घ्या: एकाच कॅट-६ नेटवर्क वायरमधून चित्रही जातं आणि वीजही, सगळ्या वायरी जिथे जोडल्या जातात तो नेटवर्क स्विच घरात राहतो. घराच्या त्या सर्किटला ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

वायर प्युअर कॉपर घ्या. स्वस्तातली बहुधा सीसीए असते, आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने खरवडली की आत चांदीसारखी चमकते. तिचा खास आजार असा: दिवसभर कॅमेरा ठणठणीत, अंधार पडून आयआर लागला की बंद-चालू, बंद-चालू. एलईडी लागल्यावर करंट वाढतो, वायरमध्ये व्होल्टेज पडतं, कॅमेरा रीस्टार्ट होतो. माणसं कॅमेरा बदलतात, दोष वायरचा असतो. १२ व्होल्टच्या जुन्या एचडी कॅमेऱ्यांत लांबची वायर बारीक असली तरी हेच होतं.

पीओईची मर्यादा १०० मीटर. पूल घरापासून त्याहून लांब असेल तर ऑप्टिकल फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारी डबी). विजेच्या दृष्टीनेही फायबर बरा. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात कडकडाट झाला की उघड्यावरून नेलेली लांब तांब्याची वायर एका झटक्यात स्विच, एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) आणि टीव्ही घेऊन जाते. तांब्याचीच वायर असेल तर दोन्ही टोकांना पीओई सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारी डबी) लावा. प्रोटेक्टरची हिरवी वायर खरोखर अर्थिंगला जोडली आहे का ते स्वतः बघा. बरेचदा ती नुसती लोंबकळत असते.

वायर जमिनीतून न्यायची तर दीड-दोन फूट खोल, २५ मिमीच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपमधून. पाइपाची दोन्ही तोंडं बुजवली नाहीत तर उंदीर आत शिरतो, आणि मग दर दिवाळीला नवी वायर.

खांब काळ्या जमिनीत असेल तर इथे घाई करू नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन फुटांत पुरलेला खांब वर्षभरात कलतो. कॅमेरा जिथे बघत होता तिथून तीन फूट सरकतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मुरूम लागेपर्यंत खोदा. ३ इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, दीड बाय दीड फुटांचा खड्डा, निदान तीन फूट खोल, १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, सात दिवस पाणी मारा, मगच कॅमेरा चढवा. बारीक पाइप वाऱ्याला डुलतो आणि सारं चित्रच हलल्यामुळे रात्रभर खोटे अलार्म येतात.

स्क्रू आणि क्लॅम्प एसएस ३१६ चे, म्हणजे सहज न गंजणाऱ्या स्टीलचे. क्लोरीनमुळे साध्या स्क्रूंना काही महिन्यांतच गंज चढतो. त्याच कारणाने एनव्हीआर पंपरूममध्ये ठेवू नका. क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा जिथे उघडतो तिथल्या हवेने आरजे-४५ चे (नेटवर्क वायरच्या प्लगचे) धातूचे संपर्क हिरवे पडतात. पत्र्याच्या खोलीतही नको. बाहेर ४३ अंश असताना पत्र्याखाली किती होतं हे हात लावून कळतं, आणि हार्ड डिस्क तिथे एक उन्हाळा काढत नाही.

रेकॉर्डिंगचं गणित: २ एमबीपीएसवर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१.६ जीबी खातो. तीन कॅमेरे ६५ जीबी, १ टीबीमध्ये पंधरा दिवस. बॅकअपला तीन कॅमेरे, स्विच, एनव्हीआर, राउटर मिळून ५०-६० वॅट. १५० एएचची चांगली बॅटरी फक्त एवढाच लोड असेल तर रात्र आरामात काढते. त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे असतील तर पहाटे कॅमेरे जातात.

अलार्म असा लावा की वाजेल तेव्हा खरा असेल

‘मोशन डिटेक्शन’ पूलवर कुचकामी. पाणी हलतं, नारळाच्या झावळीची सावली हलते, भटकं कुत्रं येतं. दोन दिवसांत शंभर सूचना येतात, तिसऱ्या दिवशी तुम्ही ॲप म्यूट करता. त्याऐवजी माणूस ओळखणारा कॅमेरा घ्या आणि ‘लाइन क्रॉसिंग’ची, म्हणजे ओलांडली की सूचना देणारी, रेघ फाटकाच्या उंबऱ्यावर ओढा, दिशा फक्त आत येणारी. पूलभोवतीच्या फरशीवर ‘इंट्रूजन’चा (आत कोणी शिरलं की कळवणारा) पट्टा आखा, पाण्याचा भाग त्यातून वगळा.

आता एक बारीक सेटिंग, जे जवळजवळ कोणीच बघत नाही. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये ‘किमान आकार’ असतो, चित्रात त्याहून लहान दिसणाऱ्यासाठी अलार्म वाजत नाही. कॅमेरावाला कुत्र्या-मांजरांचा त्रास नको म्हणून तो वाढवून ठेवतो, आणि मग दोन वर्षांचं पोर त्या चाळणीतून सुटून जातं. ते मूल जेमतेम पावणेतीन फूट, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीएवढं. तपासताना आधी खुर्ची चारही कडांवर ठेवून चित्रात पूर्ण दिसते का बघा, दिवसा आणि रात्री. मग मोठ्या माणसाने हात धरून मुलाला फाटकातून चालवत आणा, नंतर मूल पुढे आणि माणूस चार पावलं मागे. मुलासाठी वेगळा अलार्म येत नसेल तर किमान आकार कमी करा. कुत्र्याचे चार खोटे अलार्म परवडले. रांगणारं बाळ मात्र बहुतेक कॅमेरे माणूस म्हणून धरतच नाहीत. त्याच्यासाठी कुंपण आणि कडी हाच उपाय.

सूचना मोबाइलवर सोडून भागत नाही. रेंज जाते, फोन सायलेंट असतो, बॅटरी सेव्हर ॲपला झोपवतो. ज्या एनव्हीआरला किंवा कॅमेऱ्याला ‘अलार्म आउट’ (बाहेरचा भोंगा जोडायची सोय) आहे तो घ्या. त्याच्या एनओ आणि कॉम टोकांतून १२ व्होल्टचा हूटर जोडा आणि तो स्वयंपाकघरात लावा, पूलवर नाही. नेट बंद असलं तरी वाजतो. मोठी माणसं पूलवर असताना बंद करायला स्वयंपाकघरातच एक स्विच द्या आणि बंद असल्याचा लाल दिवा लावा, नाहीतर रविवारी बंद केलेला हूटर पुढच्या रविवारपर्यंत तसाच.

घरात मूल दिसत नाही असं झालं तर रेकॉर्डिंग मागे फिरवत बसू नका. आधी धावत पूलवर जा. मूल पाण्यातून काढल्यावर श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा.

पाहुणे, शेजारी, पासवर्ड

कपडे बदलायची खोली, शॉवर आणि शेजाऱ्याचं अंगण चित्रात येता कामा नये. थोडंफार येतच असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ने तो भाग काळा करा. खासगी अवस्थेतल्या स्त्रीचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. फार्महाऊस भाड्याने देत असाल तर फाटकावर ‘कॅमेरे चालू आहेत’ अशी मराठी पाटी लावा. कॅमेरावाला गेल्यावर त्याच दिवशी ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि ॲपमध्ये त्याचा मोबाइल जोडलेला राहिला असेल तर काढून टाका.

साफसफाई वर्षातून दोनदा नीट. ज्वारीची मळणी उरकल्यावर मार्चमध्ये, कारण त्या भुशाची धूळ काचेवर आणि स्विचच्या पंख्यात साचते. आणि मृगाआधी जंक्शन बॉक्स उघडून बघा: ग्लँड (वायर आत शिरते तिथलं बूच) घट्ट आहे का, मुंग्यांनी घर केलंय का. आतली सिलिका जेलची पुडी बदला आणि वायरला बॉक्सच्या खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळून झोलातूनच खाली टपकेल, वायरच्या जोडापर्यंत पोचणार नाही.