‘युरोपात मंजुरी मिळाली’ ही बातमी कॅन्सर रुग्णाच्या घरच्यांनी कशी वाचावी

नागपुरात कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घरात आज ना उद्या एक बातमी येतेच: अमुक औषधाला युरोपात मंजुरी मिळाली. म्युनिकला नोकरीला असलेला भाचा ती घरच्या ग्रुपवर टाकतो आणि पुढच्या भेटीत मोबाइल पुढे करून डॉक्टरांना विचारले जाते, “हे आमच्या आईला का देत नाही?” प्रश्न रास्त असतो. पण बाहेर छिंदवाडा, बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतचे रुग्ण ताटकळत असताना डॉक्टरांना त्याचे सविस्तर उत्तर द्यायला सवड नसते. त्या उत्तराचा बराचसा भाग घरीच शोधता येतो. त्यासाठी युरोपात औषध कोणकोणत्या टेबलांवरून पुढे सरकते, एवढे माहीत असावे लागते.

सर्वप्रथम बातमी नेमकी कोणत्या टप्प्याची आहे ते पाहावे. युरोपीय संघात कर्करोगावरील नव्या औषधाचा अर्ज युरोपीय औषध संस्थेकडे, म्हणजे ईएमएकडे करावा लागतो. लंडनमधील या संस्थेचे कार्यालय ब्रेक्झिटमुळे 2019 मध्ये अॅमस्टरडॅमला गेले. तिची तज्ज्ञ समिती औषध तपासून शिफारस करते आणि त्यानंतर साधारण दोन महिन्यांत युरोपीय आयोग प्रत्यक्ष परवाना देतो. वृत्तपत्रे शिफारशीच्या दिवशीच ‘मंजुरी’ छापून मोकळी होतात, त्यामुळे तारीख आणि निर्णय घेणाऱ्या संस्थेचे नाव तपासून घ्यावे. बातमी लंडनहून आली असेल तर ती वेगळ्याच व्यवस्थेची आहे. ब्रिटनमध्ये परवाना एमएचआरए ही तिथली औषध नियामक संस्था देते आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने औषधाचा खर्च करावा की नाही, ते नाइस ही संस्था सांगते.

यानंतर ईएमएच्या संकेतस्थळावर औषधाचे मूळ रासायनिक नाव टाकून त्याचे पान उघडावे. तिथे सर्वसामान्यांसाठी सोप्या भाषेतला गोषवारा असतो आणि डॉक्टरांसाठीचे सविस्तर माहितीपत्रकही असते. मराठीत यातले काही मिळणार नाही, पण घरातील कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना त्यातील इंग्रजी झेपते. माहितीपत्रकातील 4.1 क्रमांकाचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण औषध नेमके कोणत्या रुग्णासाठी मंजूर आहे ते तिथे लिहिलेले असते. फुप्फुसाच्या कर्करोगावरील ओसिमर्टिनिबचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2016 मध्ये या गोळीला युरोपात परवाना मिळाला तो केवळ टी790एम हे म्युटेशन (जनुकातील बदल) सापडलेल्या रुग्णांसाठी. ईजीएफआर जनुकातील ठरावीक बदल असलेल्या, आजार पसरलेल्या रुग्णांना पहिलेच औषध म्हणून ती देण्यास मान्यता मिळाली 2018 मध्ये. ज्याच्या गाठीत हा बदलच नाही, त्याच्यासाठी बातमी कितीही मोठ्या अक्षरांत छापलेली असली तरी तिचा काही उपयोग नाही. म्हणून 4.1 मधील वाक्य आणि रुग्णाच्या फाइलमधील बायोप्सीचा व म्युटेशनचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून शब्दाला शब्द ताडून पाहावा: कर्करोगाचा प्रकार, टप्पा, जनुकीय बदल आणि आधी घेतलेले उपचार. म्युटेशनची तपासणी झालीच नसेल, तर डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न औषधाचा नसून त्या तपासणीचा आहे. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड कोणत्या लॅबमध्ये आहेत, हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.

परवान्याचा प्रकार हा पुढचा मुद्दा. गंभीर आजारावर दुसरा चांगला उपाय नसेल, तर पुरावा अपुरा असतानाही युरोपात ‘सशर्त’ परवाना दिला जातो. तो एक वर्षापुरता असतो, दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि उरलेला पुरावा सादर करणे कंपनीवर बंधनकारक असते. ओसिमर्टिनिबचा पहिला परवाना असाच होता आणि पुढे तो पूर्ण झाला. पण सगळ्यांचेच असे होत नाही. सार्कोमावरील, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींच्या कर्करोगावरील, ओलारातुमॅबला नोव्हेंबर 2016 मध्ये सशर्त परवाना मिळाला, जानेवारी 2019 मध्ये मोठ्या चाचणीत त्याने आयुष्य वाढत नसल्याचे दिसले आणि त्याच वर्षी परवाना रद्द झाला. माहितीपत्रकाच्या सुरुवातीला उलटा काळा त्रिकोण दिसला, तर औषधावर अतिरिक्त देखरेख चालू आहे असे समजावे. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु दुष्परिणामांविषयी डॉक्टरांना अधिक बारकाईने विचारावे.

आता फायद्याकडे वळू. घरच्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते. माहितीपत्रकाच्या 5.1 या भागात चाचण्यांचे आकडे असतात आणि त्यांतले दोन वेगवेगळे वाचावे लागतात. डॉक्टर ज्याला पीएफएस म्हणतात तो आजार न वाढता गेलेला काळ आणि ओएस म्हणजे रुग्ण एकूण किती जगला तो काळ. वर सांगितलेल्या ओसिमर्टिनिबच्या चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ (निम्म्या रुग्णांचा त्याहून कमी, निम्म्यांचा जास्त) जुन्या गोळ्यांवर 10.2 महिने होता, तो 18.9 महिने झाला; एकूण आयुष्याचा मध्यक 31.8 महिन्यांवरून 38.6 महिन्यांवर गेला. इथे दोन्ही आकडे सुधारलेले दिसतात. अनेक औषधांच्या बाबतीत मंजुरीच्या वेळी पहिलाच आकडा हाती असतो. 2017 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 2009 ते 2013 या काळात युरोपात कर्करोगाच्या औषधांना मिळालेल्या 68 मंजुऱ्यांपैकी 39 मंजुऱ्या अशा होत्या, की आयुष्य वाढते किंवा जगणे सुसह्य होते असा पुरावा औषध बाजारात येताना उपलब्ध नव्हता. माझ्या मते दागिने गहाण टाकण्यापूर्वी प्रत्येक घराने माहीत करून घ्यावी अशी ही गोष्ट आहे. युरोपातील कर्करोगतज्ज्ञांची संघटना एस्मो औषधांना फायद्यानुसार श्रेणी देते. आजार बरा करण्यासाठीच्या उपचारांत ए आणि बी, तर पसरलेल्या आजारात 5 आणि 4 या वरच्या श्रेणी समजल्या जातात. ‘या औषधाची एस्मो श्रेणी कोणती?’ हा प्रश्न डॉक्टरांना खुशाल विचारावा.

परवाना मिळाला म्हणजे युरोपातील प्रत्येक रुग्णाच्या हाती औषध पडले, असेही नाही. परवाना सर्व सदस्य देशांसाठी एकच असतो. पैसे कोण भरणार आणि किती, हे मात्र प्रत्येक देश आपापले ठरवतो. जर्मनीत औषध लगेच मिळू लागते, पहिले सहा महिने कंपनीची किंमत चालते आणि त्यादरम्यान जुन्या उपचारापेक्षा ते किती सरस आहे याची छाननी होते. पूर्व युरोपातील अनेक देशांत मात्र रुग्णांना दीड-दोन वर्षे थांबावे लागते. ही तफावत कमी व्हावी म्हणून 12 जानेवारी 2025 पासून नव्या कर्करोग औषधांचे वैद्यकीय मूल्यमापन संघपातळीवर एकत्र होऊ लागले आहे. हे अहवाल जाहीर होतात, त्यामुळे आपल्यालाही ते वाचता येतात.

इतके झाल्यावर नागपूरकडे यावे. औषधाला भारतात सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियामक संस्थेची, परवानगी आहे का, हे डॉक्टरांना किंवा रुग्णालयाच्या फार्मसीला विचारावे. ऑगस्ट 2024 च्या आदेशानुसार युरोपीय संघासह काही ठरावीक देशांत मंजूर झालेल्या आणि सध्याच्या उपचारांपेक्षा लक्षणीय सरस असलेल्या नव्या औषधांना भारतातील चाचणीतून सूट मिळू शकते, म्हणून काही औषधे पूर्वीपेक्षा लवकर येण्याची शक्यता आहे. त्याच औषधाचे भारतीय जेनेरिक (तेच रसायन दुसऱ्या कंपनीने बनवलेले) किंवा बायोसिमिलर (जैविक औषधाची जवळजवळ तशीच आवृत्ती) आहे का, हेही विचारावे आणि ते देशी आहे म्हणून नाक मुरडू नये. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅबचे बायोकॉनचे बायोसिमिलर भारतात 2014 मध्ये विक्रीस आले आणि 2018 च्या अखेरीस त्याला युरोपातही परवाना मिळाला.

औषध भारतात मंजूरच नसेल, तर स्वतःच्या वापरासाठी अल्प प्रमाणात मागवण्याची कायदेशीर वाट आहे: नमुना 12ए मध्ये अर्ज आणि नमुना 12बी मध्ये परवाना, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. भाच्याला “तिकडून घेऊन ये” म्हणून भागत नाही. युरोपात एका सदस्य देशातील चिठ्ठी दुसऱ्या देशात चालते. नागपूरच्या धंतोलीतल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीला ती सवलत नाही. कोणी कुरिअरने बिनबिलाचे स्वस्त औषध आणून देतो म्हटले, तर घेऊ नये. अशी अनेक इंजेक्शने 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात आणि मे महिन्यातील नागपूरचा पारा सर्वांना ठाऊक आहे.

मुलाकडे जर्मनीला गेल्यावर तिथे उपचार होतील, या आशेवरही बेत आखू नये. दुसऱ्या देशात उपचार घेऊन खर्च परत मिळवण्याचा 2011 च्या युरोपीय निर्देशातील हक्क तिथे विमा असलेल्यांचा आहे. शेंगेन व्हिसासाठीचा किमान 30,000 युरोंचा विमा आकस्मिक आजारपणासाठी असतो, ठरवून घेतलेल्या किमोसाठी नव्हे.

खर्चाची चौकशी उपचार ठरतानाच करावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांपुरते. सुचवलेले औषध त्यांत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला औषधाचे नाव दाखवूनच विचारावे. बसत नसेल, तर योजनेत बसणारा पर्याय आणि नवे औषध यांच्या फायद्यात नेमका किती महिन्यांचा फरक आहे, ते डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्यावे. दुसरे मत टाटा मेमोरियलचे असो की शहरातल्याच दुसऱ्या तज्ज्ञांचे, तीच फाइल, 4.1 ची छापील प्रत आणि म्युटेशनचा रिपोर्ट बरोबर न्यावा.