चिनी लेखकाचं इंग्रजी तपासताना या चुका टाळा

मुंबई-पुण्यात घरी बसून संशोधन-निबंधांचं इंग्रजी तपासून देणारे बरेच जण आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये चिनी लेखकांच्या फायली भरपूर असतात. पहिलंच पान लाल खुणांनी भरतं आणि ‘यांना साधा स्वल्पविराम देता येत नाही’ असा शेरा मारून आपण कामाला लागतो. गाडी चुकते ती इथे. त्या खुणांपैकी बऱ्याच कीबोर्डच्या असतात, काही चिनी लिपीच्या सवयीतून आलेल्या असतात आणि उरलेल्याच खऱ्या इंग्रजीच्या. हा फरक कळला नाही, तर दुरुस्तीच्या नादात आपणच नवी चूक घुसवतो.

स्वल्पविराम दिसतो तसा नसतो

चिनी छपाईत प्रत्येक अक्षर एकसारख्या चौकोनात बसतं आणि विरामचिन्हालाही अख्खा चौकोन मिळतो. पूर्णविराम म्हणजे 。 असं छोटं वर्तुळ. ते लगेच डोळ्यांत भरतं, त्यामुळे त्याचा फारसा त्रास नाही. फसवतो तो स्वल्पविराम. आकार इंग्रजीसारखाच, पण पुढची मोकळी जागा त्याच्या पोटातच असते. म्हणून चिनी माणूस त्यापुढे स्पेस देत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन अगदी वेगळी चिन्हं आहेत.

आता नेहमीची चूक पाहा. तपासनीस फाइंड-रिप्लेस उघडतो आणि सगळे चिनी स्वल्पविराम काढून इंग्रजी बसवतो. चिन्हाबरोबर पोटातली जागाही जाते आणि ‘राइस,व्हीट,मेझ’ अशी शब्दांची आगगाडी तयार होते. बदलताना ‘स्वल्पविराम अधिक स्पेस’ असं घाला, मग दुहेरी स्पेस शोधून एकेरी करा. आकड्यांमधले स्वल्पविराम तेवढे एकदा डोळ्यांखालून घाला, नाहीतर 1,200 चे दोन तुकडे व्हायचे. कंसांनाही हाच नियम: चिनी कंस रुंद असतो, तो बदलला की बाहेरच्या बाजूची स्पेस हाताने द्यावी लागते.

लेखकालाच हे टाळायचं असेल, तर त्याला कीबोर्डचं सांगा. मायक्रोसॉफ्टच्या पिनयिन कीबोर्डवर (म्हणजे रोमन अक्षरांत उच्चार टंकून चिनी लिहायच्या कीबोर्डवर) शिफ्ट दाबलं की भाषा चिनीवरून इंग्रजीवर जाते. कंट्रोल आणि टिंब एकत्र दाबलं, तर फक्त विरामचिन्हं बदलतात. शिफ्ट आणि स्पेसने अक्षरांची रुंदी बदलते. चुकून ते दाबलं गेलं की पुढचे इंग्रजी शब्द ऐसपैस पाय पसरून बसल्यासारखे उमटतात. तो परिच्छेद पुन्हा टंकत बसू नका. वर्डमध्ये ‘चेंज केस’खाली ‘हाफ-विड्थ’ असा पर्याय असतो, त्याने काम होतं. तो दिसत नसेल, तर ऑफिसच्या भाषांमध्ये चिनी जोडून घ्या.

सगळ्यात बेरकी चिन्ह म्हणजे अपॉस्ट्रॉफी. वळणदार अवतरणचिन्हं आणि अपॉस्ट्रॉफी यांना युनिकोडमध्ये चिनी आणि इंग्रजी असे वेगळे क्रमांकच नाहीत. रुंदी ठरते फॉन्टवरून. सिमसुनसारख्या चिनी फॉन्टमध्ये ‘डोन्ट’मधल्या अपॉस्ट्रॉफीनंतर भली मोठी फट दिसते. तपासनिसाला वाटतं, लेखकाने मध्ये स्पेस दिली आहे. तो डिलीट दाबतो आणि स्पेस मुळात नसल्यामुळे पुढचं अक्षर उडतं. अशा जागी काही खोडण्याआधी तेवढा मजकूर निवडा, फॉन्टच्या खिडकीत लॅटिन आणि आशियाई या दोन्ही रकान्यांत टाइम्स न्यू रोमन लावा आणि मग फट उरते का पाहा.

मोकळ्या जागेची भानगड

चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आपल्याकडे मोडीतही शब्द तोडून लिहीत नसत, तेव्हा यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. शाळेत चार रेघांच्या वहीत इंग्रजी गिरवून घेतात, त्यामुळे हातानं लिहिताना बहुतेकांना शब्द सुटे ठेवायची सवय असते. महाविद्यालयीन प्रवेशाच्या गाओकाओ परीक्षेत इंग्रजीचा पेपर 150 गुणांचा असतो आणि उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासतात, म्हणून छापल्यासारखं गोल, उभट अक्षर घोटून घेणाऱ्या शाळा आहेत. हेबेई प्रांतातल्या हेंगश्वे शहराच्या नावाने ते वळण ओळखलं जातं. अक्षर कौतुक करावं असं, पण त्याच मुलाने संगणकावर टंकलेला परिच्छेद पाहिला की पूर्णविरामापुढे स्पेस नाही आणि कंसाला शब्द चिकटलेला.

दोन गोष्टी मुद्दाम शोधा. परिच्छेदाच्या सुरुवातीला दोन अक्षरांएवढी जागा सोडायची चिनी पद्धत आहे आणि बरेच जण ती दोन रुंद स्पेस टंकून साधतात. साध्या स्पेसचा शोध त्यांना नेहमी पकडतोच असं नाही, म्हणून ते चिन्ह कॉपी करून शोधखिडकीत चिकटवा. दुसरं, ओळीच्या टोकाला इंग्रजी शब्द वाटेल तिथे तुटलेला दिसला, तर लेखकाला दोष देऊ नका. वर्डमध्ये परिच्छेदाच्या ‘एशियन टायपोग्राफी’ टॅबवर लॅटिन शब्द मध्येच तोडू देण्याची खूण असते. ती काढली की शब्द सांधले जातात. तिथे हायफन घालत बसलात, तर पान बदलल्यावर तेच हायफन ओळीच्या मध्यभागी येऊन उभे राहतील.

स्वल्पविरामांची साखळी

ही मात्र कीबोर्डची चूक नव्हे. ‘द सॅम्पल वॉज ड्राइड, इट वॉज वेड, द रिझल्ट इज शोन इन टेबल 2.’ असं वाक्य चिनी लेखकाला अजिबात खटकत नाही. चिनीत एक विषय पुरता सांगून होईपर्यंत छोटी वाक्यं स्वल्पविरामांनी जोडत जातात आणि सगळं आटोपलं की वर्तुळ देतात. आजची चिन्हव्यवस्था पाश्चात्त्य चिन्हांवर बेतलेली आहे. 1920 साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाने ती शाळांसाठी जाहीर केली. पण चिन्हं बाहेरून आली तरी वाक्याची चाल चिनीच राहिली.

यावर उपाय म्हणून प्रत्येक स्वल्पविरामाचा पूर्णविराम करणं ही तपासनिसाची सर्वांत मोठी चूक. मजकूर बालभारतीच्या पहिलीच्या धड्यासारखा होतो आणि कशामुळे काय झालं तेच निसटतं. वरच्या वाक्यात पहिल्या दोन क्रिया एकाच नमुन्यावर, एकामागून एक झाल्या आहेत. त्या ‘अँड’ने जोडा. तक्त्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याआधी पूर्णविराम द्या. ‘हाउएव्हर’कडे खास लक्ष ठेवा. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये तो दोन्ही बाजूंना स्वल्पविराम घेऊन उभा असेल, तर त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविरामच हवा.

‘ऑल्दो’बरोबर ‘बट’ आणि ‘बिकॉज’बरोबर ‘सो’ या जोड्या चिनीत दोन्ही टोकांना शब्द येतात म्हणून येतात. आपली ‘जरी-तरी’ची जोडी तशीच, त्यामुळे मराठी तपासनिसाच्या नजरेतून नेमकी हीच निसटते. एक शब्द काढा, बस.

छोटी चिन्हं पटकन उरका. यादीसाठी चिनीत 、 असा वेगळा तिरका ठिपका असतो. इंग्रजीत साधा स्वल्पविराम. ग्रंथनामाभोवतीचे 《 》 काढून नाव तिरप्या अक्षरात घ्या. चिनीत सहा टिंबं देतात, ती तीन करा. ‘सच अॅज’ने सुरू झालेल्या यादीच्या शेवटी ‘एट्सेट्रा’ असेल तर तो उडवा.

नावं ‘सुधारू’ नका

चिनीला कॅपिटल अक्षरं नाहीत, देवनागरीलाही नाहीत. महिने, वार आणि ‘चायनीज’, ‘इंग्लिश’ हे शब्द लहान अक्षराने सुरू झालेले सापडतातच. ते दुरुस्त करताना डोकं लागत नाही. डोकं लागतं नावांना. आडनाव आधी येतं: बास्केटबॉलपटू याओ मिंग यांचं आडनाव याओ, आणि 2015 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या तू यौयौ यांचं आडनाव तू. ‘मिस्टर मिंग’ केलंत की संपलं. मुख्य भूमीवरच्या पद्धतीत दोन अक्षरी नाव जोडून एकाच कॅपिटलने लिहितात. तैवानच्या नावांत बहुधा हायफन असतो, हाँगकाँगच्या नावांत हायफन किंवा स्पेस. सगळ्यांना एकाच साच्यात बसवू नका. ज्याचं नाव त्याच्याच पद्धतीने ठेवा.

गावांचंही तसंच. शीआन शहराच्या रोमन नावातला अपॉस्ट्रॉफी दोन अक्षरसमूह वेगळे करतो. तो खोडला तर ते एकच अक्षर म्हणून वाचलं जातं. शीआन ज्या प्रांताची राजधानी आहे, त्याच्या रोमन नावात (Shaanxi) दोन ‘ए’ लागोपाठ येतात. टंकनदोष समजून एक काढलात की लेखक थेट शेजारच्या प्रांतात (Shanxi) जाऊन पडतो. दोन्ही नावं चिनी उच्चारात फक्त सुरांनी, म्हणजे आवाजाच्या चढ-उतारांनी, वेगळी आहेत आणि तो फरक दाखवण्यासाठीच दुसरा ‘ए’ घातलेला आहे. स्पेलचेक इथे मदतीला येत नाही.

आकडे

आपण लाख-कोटीत मोजतो, ते वान आणि यीमध्ये. एक वान म्हणजे 10 हजार, एक यी म्हणजे 10 कोटी. 3.5 यी म्हणजे 35 कोटी, इंग्रजीत 350 मिलियन. घाईत ते 35 मिलियन होऊन येतं. वाक्य व्याकरणाने निर्दोष असल्यामुळे कुणाचीच नजर अडत नाही. लोकसंख्या, रक्कम, हेक्टर अशा मोठ्या आकड्यापाशी ‘मिलियन’ दिसला की तोच आकडा तक्त्यात किंवा आलेखात पडताळून पाहा. जुळत नसेल, तर स्वतः शून्य वाढवू नका. समासात लेखकाला विचारा आणि विचारताना आकडा पूर्ण अंकांत लिहा, कारण ‘मिलियन’ असंच लिहून विचारलंत तर होकारच येईल.