पिसदुऱ्याच्या वावरात हाड सापडलं? या चुका टाळा

नागपूरहून वरोऱ्याच्या वाटेला शंभरेक किलोमीटरवर पिसदुरा आहे. पावसानं माती धुतली की तिथल्या वावरांत लाल चिकणमातीतून हाडांचे तुकडे उघडे पडतात. हे लमेटा नावाचे गाळाचे थर, क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या, अखेरचे. नागपुरात राहणारे रेव्हरंड हिस्लॉप एकोणिसाव्या शतकात इथून जीवाश्म गोळा करत होते. आज आपल्यापैकी बरेच जण रविवारी तिकडे जातात, आणि त्याच त्या चुका करून परततात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे दिसलं की उचलायचं. मीही पहिल्या वर्षी मणक्याचा एक तुकडा घरी आणला आणि नळाखाली ब्रशनं घासून लख्ख केला. खाचांमधली लाल माती मोरीत वाहून गेली. तो तुकडा कुठल्या थरातला, हे सांगणारी तेवढीच खूण होती. आज त्या हाडाकडे बघून काहीही सांगता येत नाही, आणि ते मला अजून सलतं. हाड जागेवर राहू द्या. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, मग चार पावलं मागे येऊन धुऱ्यासकट, म्हणजे वावराच्या बांधासकट, दुसरा फोटो घ्या. वावराच्या मालकाला आधी विचारा.

थर ओळखतानाची गफलत जास्त सूक्ष्म असते. खालचा थर जुना, वरचा नवा, हे शाळेत सगळे शिकतो. पण नव्या विहिरीच्या काठावरचा ढीग बघा. सगळ्यांत खोलवरून निघालेला दगड सगळ्यांत शेवटी बाहेर येतो, म्हणून तो ढिगाच्या माथ्यावर बसतो. ढिगात थर उलटे झालेले असतात. तिथं सापडलेल्या हाडाचं वय ढिगावरून ठरवू नका. विहिरीत डोकवा, किती हातांवर काळा दगड (बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा) संपला आणि कुठून लाल-हिरवट माती लागली, ते खोदणाऱ्यांनाच विचारा. त्यांना ते नेमकं आठवत असतं.

लमेटा लाव्ह्याच्या खाली असतो. नागपुरातल्या सीताबर्डी आणि टाकळीला गोगलगायींचे जीवाश्म असलेले जे थर नोंदले गेले, ते लाव्ह्याच्या दोन प्रवाहांच्या मधले, म्हणजे इंटरट्रॅपियन. हातात दगड धरून हा फरक कळेलच असं नाही, कारण तशाच गोगलगायी दोन्हीकडे मिळतात. वर काळा दगड आणि खालीही काळा दगड असेल तर थर इंटरट्रॅपियन. फक्त वरच असेल तर लमेटा असण्याची शक्यता धरा, पण खाली काय आहे ते जवळच्या नाल्यात उतरून बघितल्याशिवाय वहीत पक्कं लिहू नका.

कामठीच्या वालुकाश्मात पानांचे ठसे दिसले की लोक त्यांना ‘डायनासोरच्या काळातली झाडं’ म्हणतात. तो दगड गोंडवन नावाच्या जुन्या खडकांच्या गटातला, पिसदुऱ्याच्या हाडांपेक्षा पंधरा कोटींहून अधिक वर्षांनी जुना. सिरोंच्याकडचे कोटा थर ज्युरासिक, म्हणजे क्रिटेशसच्या आधीच्या काळातले, तेही वेगळेच.

अंड्यांचा मोह तर फारच. बेसॉल्ट झिजताना त्याचे गोल गोटे होतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मला दर हिवाळ्यात अशा ‘अंड्यां’चे फोटो येतात. खऱ्या अंड्याला एकच कवच असतं, साधारण एक-दोन मिलिमीटर जाडीचं, आणि भिंगातून त्यावर बारीक उंचवटे दिसतात. पापुद्र्याखाली पुन्हा पापुद्रा निघाला तर तो दगडच. अंड्याचं कवच चुन्याचं, म्हणून लिंबू पिळून फेस येतो का ते बघू नका. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्येही कॅल्साइट, म्हणजे तेच चुन्याचं खनिज, असतं, फेस तिथंही येतो.

प्रत्येक हाडाला डायनासोर म्हणणंही सोडा. पिसदुऱ्यात कासवं आहेत, आणि मॅडसोइया नावाच्या मोठ्या सापाची एक जात तर या गावाच्या नावानंच ओळखली जाते. जातीचं नाव लिहिण्याची घाई नको. १८७९ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरनं इथल्या डायनासोरच्या हाडांना टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी म्हटलं, पण टायटॅनोसॉरस हे नावच आता ग्राह्य धरत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या डायनासोरच्या सांगाड्याला १९९७ मध्ये मिळालेलं नावही २००३ मध्ये बदलून आयसिसॉरस झालं. वहीत ‘मोठ्या सरीसृपाचं हाड’ एवढं लिहा, आणि जागा मात्र नीट लिहा.

शेवटी, हाडांच्या नादात लोक जे लाथाडतात त्याबद्दल. पिसदुऱ्यात करड्या-तपकिरी, लांबट गोळ्यांसारखे दगड विखुरलेले असतात. ती विष्ठा आहे, दगड झालेली. तिच्यात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यामुळे क्रिटेशसमध्ये गवत उगवत होतं आणि ते कुणीतरी खातही होतं, हे जगाला कळलं. असा गोळा दिसला तर फोडून आत बघू नका. त्याचाही फोटो आणि जागा नोंदवा, आणि ती नोंद नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवा.